त्याने शून्य दाबलं त्या दिवशी

आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पोरांचा राग शून्य ते नऊ असा मोजतात. बहुतेक घरांत साधा बटणांचा फोन आहे, आणि उत्तर एका बटणात संपायला हवं. म्हणून दहा नाही. रोज रात्री नऊला फोन वाजतो आणि रेकॉर्ड केलेला आवाज तीन प्रश्न विचारतो. आज राग किती होता? शून्य ते नऊमधलं बटण दाबा. आज कोणाशी वाजलं का? हो असेल तर एक, नाही तर दोन. काल रात्री झोप लागली का? पुन्हा एक किंवा दोन. मिनिटभराचं काम.

सुरुवातीला हा आवाज शुद्ध मराठी बोलणाऱ्या एका निवेदिकेचा होता. पोरांना तो बँकेचा फोन वाटायचा, पहिल्याच वाक्याला कापायची. मग वस्तीत काम करणाऱ्या आमच्या ताईंनी स्वतःच्या आवाजात प्रश्न बोलून दिले, सुरुवातीला "काय रे, जेवलास का?" घालून. तेव्हापासून उत्तरं यायला लागली.

मी पुण्यात समुपदेशक आहे. पर्वतीच्या पायथ्याच्या आणि आसपासच्या वस्त्यांतली १४ ते १८ वयाची मुलं आमच्याकडे येतात. काही बाल न्याय मंडळाकडून आलेली, कागदावर ज्यांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात ती. काहींना आईच हाताला धरून घेऊन येते. 'कोयता गँग' हा शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत आता इतका रुळलाय की वाचणारा थांबतही नाही. त्या बातम्यांत भांडणाचं कारण पुन्हा पुन्हा एकच छापून येतं: खुन्नसने बघितलं. मला त्या दोन शब्दांमागचं सोळा-सतरा वर्षांचं पोर दिसतं, आणि त्याच्याशी कोणीतरी वेळेवर बोलायला हवं होतं असं दर वेळी वाटतं.

अडचण वेळेचीच आहे. आम्ही दोघी आणि मुलं चाळीसच्या घरात. प्रत्येकाला आठवड्याला पाऊण तास देणं शक्यच नाही. म्हणून हा फोनवरचा उपक्रम सुरू झाला. रोजची उत्तरं संगणकात जातात आणि आमच्या सॉफ्टवेअरमधली कृत्रिम बुद्धिमत्ता सकाळी यादी लावून देते: आज कोणाला ४५ मिनिटांचा फोन, कोणाला १५ मिनिटांचा, कोणाला नुसता ताईंच्या आवाजातला निरोप. कोणत्या मुलाला किती वेळ दिला की त्याचे आकडे उतरतात, हे ती आठवड्यागणिक शिकत जाते. कल्पना आमची नव्हे. अमेरिकेत मिशिगनमधल्या संशोधकांनी जुनाट दुखण्याने त्रासलेल्या माजी सैनिकांवर हे करून पाहिलं होतं. २०२२ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले: २७८ जण, दर आठवड्याला हेच तीन पर्याय, आणि उपचार तितकाच लागू पडून समुपदेशकांचा वेळ निम्म्याहूनही कमी लागला. त्याच राज्यातल्या फ्लिंट शहरात दवाखान्याच्या तातडीच्या विभागात आलेल्या १४ ते १८ वयाच्या मुलांशी ३५ मिनिटं नीट बोललं तर पुढच्या तीन महिन्यांत त्यांची मारामारी कमी होते, हे २०१० सालीच दिसलं होतं. थोडा वेळ पण योग्य माणसाला, हे या दोन्हींतलं सूत्र मला मनापासून पटलं.

मशीन मुलांशी बोलत नाही. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-इंटरनेटवरून उपचार करण्याच्या, मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्ट लिहिलंय की कृत्रिम बुद्धिमत्तेने डॉक्टरला निर्णयात मदत करावी, रुग्णाचं समुपदेशन स्वतः करू नये. बोलणं आमचंच. ती फक्त सांगते की आज कोणाचा नंबर लाव.

अनंत चतुर्दशीला तीन दिवस राहिले होते. सकाळी यादी उघडली तर एक मुलगा 'निरोप'च्या रकान्यात. वय सतरा, दहावीनंतर शाळा सुटलेली, सकाळी दुचाकीच्या गॅरेजमध्ये जाणारा. आठवडाभर त्याने सात नाहीतर आठ दाबलं होतं. आदल्या रात्री शून्य. मशीनच्या हिशेबाने पोरगा सुधारला होता आणि त्याची मिनिटं दुसऱ्याला देता येणार होती.

पण त्याच्या नावापुढे पिवळी खूण होती. आमच्याकडे ती 'ताईंचा नियम' म्हणून ओळखली जाते. उपक्रम सुरू होताना बैठकीत ताई एकदाच बोलल्या होत्या: "पोरगं ओरडत असतं तोवर मला भ्या वाटत नाही. एकदम गप झालं की वाटतं." सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलांना याला आधार सापडेना, कारण आमच्याकडे तेव्हा आकडेच नव्हते. बरीच चर्चा झाली आणि शेवटी शिकण्याच्या भागाला हात न लावता तो एक वेगळा साधा नियम म्हणून घातला: आकडा अचानक कोसळला तर खूण करा, पुढचं समुपदेशक ठरवेल.

मी ठरवलं ते चुकीचं ठरवलं. मला वाटलं, घाईत दाबलं असेल. फोन आईचा, मॅच चालू असेल, पोरं असं करतात. दुसऱ्या एकाची दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळापुढे तारीख होती आणि त्याने नऊ दाबलं होतं. ४५ मिनिटं त्याला दिली आणि या मुलाला 'उद्या बघू' म्हणून पुढे ढकललं.

दुपारी तीनच्या सुमारास ताईंचा फोन आला, दाखल्यांच्या झेरॉक्ससाठी. ठेवता ठेवता मी सहज म्हटलं, त्याची पिवळी खूण आलीय, उद्या बोलते.

"बाकीच्या दोन प्रश्नांना काय दाबलंय त्याने?"

मी बघितलंच नव्हतं. बघितलं. वाजलं का: दोन, म्हणजे नाही. झोप लागली का: दोन. नाही.

घाईत दाबणारं पोर तिन्हीला एकच बटण दाबतं. याने प्रश्न ऐकले होते, एकेक करून. राग नाही, भांडण नाही, आणि झोपही नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "मॅडम, आजच लावा."

त्याची आई धुण्याभांड्याची कामं करून सातला घरी येते, त्याआधी फोन घरात नसतो. ते चार तास मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. सात-दहाला फोन लागला. मागे ढोलाचा सराव चालू होता, इतका जवळ की तो प्रत्येक वाक्य दोनदा बोलत होता. मग पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला, तेव्हा आवाज मोकळा झाला.

"सगळं ओके आहे मॅडम."

"काल शून्य दाबलंस."

"राग नव्हताच."

"आणि झोप?"

ढोल ऐकू येत राहिला. मी काही बोलले नाही. फोनवरच्या कामात हे सगळ्यात अवघड आहे. समोर चेहरा नसतो, आणि गप्प राहिलं तर समोरचा कापेल अशी भीती वाटत राहते.

शेवटी तो बोलला. पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनी त्याच्या मित्राला कानफटवलं होतं, कान धरून माफी मागायला लावलं होतं, आणि त्याचा रील टाकला होता. सगळ्या वस्तीने तो पाहिला होता. विसर्जनाच्या रात्री, गल्लीच्या कोपऱ्यावर, गर्दीत, बघून घ्यायचं ठरलं होतं. एक जण 'सामान' आणणार होता.

"मग राग शून्य कसा रे?"

"ठरलं होतं ना. मग कशाला राग."

पहिल्याच भेटीत प्रत्येक मुलाला आम्ही सांगतो की तुझं बोलणं आमच्यापाशी राहील, पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयतेला हा अपवाद आहे. मी ते त्याला पुन्हा सांगितलं. मग विचारलं, "हे तुझ्या मनात किती पक्कं आहे? नऊपैकी?"

"सात."

"नऊ का नाही?"

हा प्रश्न आम्हाला शिकवलेला असतो. 'इतकं जास्त का' असं विचारलं की पोरगं बाजू मांडत बसतं. 'पूर्ण का नाही' विचारलं की त्याला स्वतःच्या आतलं दुसरं कारण शोधावं लागतं. पण प्रश्न शिकता येतो, उत्तर शिकता येत नाही. मला वाटलं तो आईचं नाव घेईल.

"शेठनी शटरची चावी दिलीय," तो म्हणाला. "गणपतीच्या आधी. सकाळी मीच उघडतो."

चावीबद्दल आम्ही दहा मिनिटं बोललो असू. कुठे ठेवतोस? गळ्यात, दोरीत. झोपताना काढतोस? नाही. याआधी कोणाकडे होती? शेठच्या भाच्याकडे, त्याने गल्ल्यातले पैसे उचलले म्हणून काढून घेतली. दुसरा कोणी कुलूप उघडत असेल तर शेठला कळतं, असं तो म्हणाला, आणि मग स्वतःच थांबला.

मी सांगितलं की माझ्या वरिष्ठ डॉक्टरांशी मी आज बोलणार आहे, आणि पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण अधिकाऱ्यांना त्या कोपऱ्यावर बंदोबस्त ठेवायला सांगणार आहोत. तुझं नाव नाही. त्याने फोन कापला. एकतिसाव्या मिनिटाला.

मी तशीच बसून राहिले. त्याला गमावलं असंच वाटलं. दहा-बारा मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला, कोणाचा तरी मागून घेतलेला.

"मावशी सासवडला राहते. पण पोरांना काय सांगू? फट्टू म्हणतील."

न जाण्याचं कारण त्याला हवं होतं, आणि ते त्याची मान खाली घालणारं नको होतं. मोठी माणसं इथेच चुकतात. 'जाऊ नकोस' म्हणतात आणि तोंड दाखवायला जागा ठेवत नाहीत. कारण त्यानेच काढलं: शेठनी सासवडला गाडीचे पार्ट आणायला पाठवलंय, विसर्जनामुळे रस्ते बंद, तिथेच अडकलो. ताईंना सांगू का, विचारलं. "ताईंना सांगा," म्हणाला. ताई रात्रीच शेठकडे आणि मग ज्याला मारलं होतं त्या मित्राच्या घरी गेल्या. दोन्ही गणेश मंडळांच्या अध्यक्षांशी त्याच बोलल्या. तो रील दुसऱ्या दिवशी काढला गेला. विसर्जनाच्या रात्री त्या कोपऱ्यावर काही झालं नाही. आम्ही काही केलं नसतं तर काय झालं असतं, हे मला कधीच कळणार नाही.

मशीनबद्दलही एक गोष्ट नंतर ध्यानात आली आणि ती मला अजून छळते. आकडा उतरला की यश, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. कमी दाबलं की मॅडमचा लांबलचक फोन येत नाही, हे काही पोरांच्याही ध्यानात आलं होतं. मशीन मुलांशी जुळवून घेत होती आणि मुलं मशीनशी. पुढच्या बैठकीत आम्ही यशाची व्याख्याच बदलायला घेतली, आणि या वेळी ताई पहिल्या दिवसापासून बसल्या. ते काम अजून चालू आहे.

विसर्जनाच्या दिवशी मी त्याच्या नावापुढे मावशीचा नंबर घातला होता. रात्री नऊला तिकडे फोन वाजला. राग: सहा. वाजलं का: नाही. झोप लागली का: हो.

दुसऱ्या दिवशी यादी उघडली. आकडा शून्यावरून सहावर गेला म्हणून मशीनने त्याची तब्येत बिघडल्याचं धरून त्याला ४५ मिनिटं दिली होती. मी तसंच राहू दिलं, आणि सातची वाट बघत बसले.