गुडघे टेकायचे आहेत

पाय काढलेला पेशंट फिजिओथेरपीला पहिल्यांदा येतो तेव्हा मी एक प्रश्न हमखास विचारते : तुम्हाला काय जमायला हवंय? उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. काठीशिवाय चालायचंय, जिना चढायचाय, कामावर जायचंय. बाईंनी (त्या गणिताच्या शिक्षिका, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना बाईच म्हणायचा) शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मला गुडघे टेकून प्रार्थना करायची आहे. चालण्याचं मागाहून बघू."

मधुमेहातून गँगरीन झालं होतं. डावा पाय गुडघ्याखालून गेलेला. गुडघा वाचला ही फार मोठी गोष्ट; तो शाबूत असला की कृत्रिम पायाने चालताना दमछाक बरीच कमी होते. पण तो सरळ राहायला हवा. बरं वाटतं म्हणून लोक खाली उशी घेतात आणि सांधा वाकलेलाच आखडतो. बाईंची उशी मी काढून घेतली त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण उशी परत मागितली नाही.

मीही ख्रिस्ती घरातली. आजाऱ्याच्या उशाशी येऊन लोक काय काय बोलतात ते लहानपणापासून ऐकत आले आहे. बाईंना भेटायला आलेल्या एकांनी सांगितलं, "विश्वास ठेवा, सगळं पूर्ववत होईल." बाई म्हणाल्या, "पाय काही उगवणार नाही. तेव्हा 'सगळं' नका म्हणू." मग त्यांनी बायबल उघडून ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाचलं. विलापाची इतर स्तोत्रं बहुधा शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. "हेही शास्त्रातच आहे ना? मग माझ्यासारखीने ते वाचायचं नाही तर कुणी?"

मला तिथे त्यांच्या विश्वासाची ताकद दिसली. त्या चिडत होत्या, भांडत होत्या, पण ते सगळं देवाच्या तोंडावर. त्याच्याशी बोलणं त्यांनी एक दिवसही टाकलं नाही.

रात्री नसलेला पाय दुखायचा. बोटं मुडपल्यासारखी वाटायची, आणि बोटं तर नव्हतीच. आरशासमोर उजवा पाय हलवायचा, म्हणजे आरशात डावाच हलतोय असं दिसतं, हा व्यायाम मी शिकवला, त्याने थोडा उतार पडला. उरलेल्या रात्री त्या बायबलमधल्या प्रेषित पौलाला सोबतीला घेत. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला, १२ व्या अध्यायातला पौल : शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. काटा नेमका कसला, ते पौलाने सांगितलेलं नाही. "बरं केलं," बाई म्हणायच्या. "नाहीतर माझा काटा तिथे मावला नसता."

चर्चच्या पाळकांनी समजावून पाहिलं की बसून केलेली प्रार्थनाही देव ऐकतो. बाईंचं उत्तर तयार होतं, "देवाला चालेल हो. मला चालत नाही." लूकच्या शुभवर्तमानात अटक झाली त्याच रात्री, अटकेच्या आधी येशूने प्रार्थनेसाठी गुडघे टेकले, ते त्यांच्या मनात लहानपणापासून होतं.

सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग, नीट बसल्यावर आम्ही गुडघे टेकायचा दिवस ठरवला. या पायात भार स्टंपच्या, म्हणजे उरलेल्या पायाच्या, टोकावर घ्यायचा नसतो. बराचसा भार गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड स्नायुबंधावर येतो. गुडघा टेकतानाही तिथेच दाब पडतो. जास्त वाकलं की सॉकेटची मागची कड मांडीत रुतते, म्हणून टाचांवर बसणं बाद, ताठ राहायचं. गादी अंथरली. बाईंनी दोन्ही हातांनी बार धरला, उजवं पाऊल पुढे घेतलं, आधी डावा गुडघा टेकवला, मग उजवा. मी कमरेचा पट्टा धरून मागे उभी होते. त्यांचे खांदे थरथरत होते.

मला वाटलं होतं, त्या आभार मानतील. पहिलं वाक्य आलं, "बापा, मला हे अजून पटलेलं नाही." त्यानंतर वॉर्डमधल्या एकेकाचं नाव. सगळं पूर्ववत होईल म्हणणाऱ्यांचंही. शेवटी, "आता उठायला बळ दे. आमेन." उठणं टेकण्यापेक्षा अवघड. उजवा पाय पुढे, हातांनी जोर, पहिल्या झटक्यात जमलं नाही, दुसऱ्यात उभ्या राहिल्या.

लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत घालायचं मऊ आवरण, काढून कातडी पाहिली. वाटीखाली लाली होती. दहा मिनिटांत ओसरली म्हणजे दाब सोसतोय. ओसरली. फाइलमधल्या ध्येयाच्या रकान्यात खूण करायला मी पेन उचललं, तर बाईंनी हात पुढे केला.

"थांबा. एक गणित सुटलं म्हणून कुणी पास होत नाही. मी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करते. तेवढं जमू द्या, मग करा खूण."