आमची वाटचाल : टिप्परच्या गिअरबॉक्सपासून ट्रॅक्टरच्या पीटीओपर्यंत

गोव्यातील डिचोली तालुक्यातील आमची कार्यशाळा वडिलांनी नव्वदच्या दशकात सुरू केली, तेव्हा ट्रॅक्टर हे आमचे काम नव्हते. खाणींवरून नदीकाठच्या जेटीपर्यंत खनिज वाहणारे टिप्पर, त्यांचे गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि स्प्रिंगच्या पाट्या यांतच दिवस जाई. पावसाळ्यात खाणी बंद असताना आसपासच्या गावांतून एखाददुसरा ट्रॅक्टर येई आणि वडील तो ओळखीखातर घेत. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, आणि ज्या गाड्यांवर आमचे घर चालत होते त्या मालकांच्या दारात उभ्या राहिल्या. मधल्या काळात खाणी काही प्रमाणात सुरू झाल्या खऱ्या, परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द ठरवले आणि मार्चमध्ये सारे पुन्हा थांबले. तोपर्यंत आम्ही शेतीच्या यंत्रांकडे वळलो होतो, म्हणून दुसऱ्या बंदीची झळ आम्हाला तुलनेने कमी लागली.

ट्रॅक्टरांतही पीटीओचेच, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या फिरत्या शाफ्टमधून अवजारांना देणाऱ्या यंत्रणेचेच काम आम्ही का धरले, असे अनेकजण विचारतात. त्याचे कारण साधे होते. इंजिन उघडणारे कारागीर प्रत्येक बाजारपेठेत होते आणि नव्या ट्रॅक्टरची देखभाल विक्रेते स्वतःच करीत. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या ट्रॅक्टरचा पीटीओ बिघडला की मात्र मालकाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळे : हा विकून टाका आणि नवा घ्या. चिखलणीचा रोटाव्हेटर असो वा भाताचे मळणी यंत्र, मागच्या शाफ्टला फेरे मिळाले नाहीत तर ट्रॅक्टर केवळ ट्रॉली ओढण्यापुरता उरतो. टिप्परच्या गिअरबॉक्समुळे बेअरिंग, गिअर आणि शाफ्ट यांची सवय आमच्या हातांना होतीच, आणि जो भाग बाजारात मिळत नसे तो चोर्ला घाट चढून बेळगावात बनवून आणता येत असे.

जुन्या ट्रॅक्टरांच्या मागे जो सहा स्प्लाइनचा, म्हणजे लांबीच्या दिशेने सहा कडा असलेला, सुमारे ३५ मिलिमीटर जाडीचा शाफ्ट असतो, तो मिनिटाला ५४० फेरे घेईल अशा बेताने घडवलेला असतो. हे फेरे इंजिनाच्या ठरावीक गतीलाच मिळतात आणि बहुतेक ट्रॅक्टरांच्या मीटरवर त्या गतीची खूण असते, जी काच धुरकट झाल्यामुळे कोणी पाहत नाही. म्हणून रोटाव्हेटर ‘दम टाकतो’ ही तक्रार आली की आम्ही पाना हातात घेण्यापूर्वी फेरे मोजतो. ट्रॅक्टर उभा ठेवून मळणी यंत्र जोडायचे, पीटीओच्या शाफ्टवर आणि इंजिनाच्या पुढच्या पुलीवर चमकत्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा आणि सुरक्षित अंतरावरून दोन्हींची गती टॅकोमीटरने नोंदवायची. भार येताच दोन्ही गती सारख्याच प्रमाणात उतरल्या तर दोष इंजिनात, म्हणजे इंजिनाची गती राखणारा गव्हर्नर किंवा डिझेलच्या पंपाकडे शोधावा लागतो. इंजिनाचे फेरे टिकून पीटीओचेच घसरले तर दोष क्लचचा, कारण गिअर तुटेल पण घसरणार नाही. एवढी तपासणी केल्यामुळे कित्येक ट्रॅक्टर न उघडताच परत गेले. त्यात आमचे त्या दिवसाचे उत्पन्न बुडाले, पण त्याच मालकांनी पुढे गावातील इतरांना आमच्याकडे पाठवले.

फर्ग्युसन पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरांत, म्हणजे आपल्याकडच्या मॅसी १०३५ सारख्यांत, हायड्रॉलिकचा पंप पीटीओच्याच शाफ्टवर फिरतो. पीटीओ जोडण्याचा दांडा मोकळ्या जागेवर राहिला तर अवजार उचलणारी लिफ्ट उचलत नाही. दिवाडी बेटावरील एका वृद्ध शेतकऱ्यांनी याच कारणासाठी आपला ट्रॅक्टर फेरीबोटीतून नार्व्याच्या धक्क्यावर उतरवून आमच्याकडे आणला होता. वडिलांनी दांडा जागेवर लोटला, लिफ्ट वर गेली, आणि ते शेतकरी म्हणाले, “मेस्त, हे फोनवरून सांगितले असते तर माझा दिवस वाचला असता.” त्यांचे म्हणणे रास्त होते. तेव्हापासून आम्ही आधी फोनवर दांडा कोठे आहे ते विचारतो.

गोव्यातील ट्रॅक्टरांचे एक दुखणे मात्र आमच्या खाजन जमिनींचे आहे. बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर करणारी दारे) यांनी नदीचे खारे पाणी अडवून केलेली ही शेते. त्यांत लोखंडी चाके लावून चिखलणी करताना मागचा शाफ्ट वारंवार पाण्यात बुडतो. शाफ्टभोवतीच्या ऑइल सीलची कड झिजलेली असेल तर तेल बाहेर गळते आणि काम थांबल्यावर हौसिंग थंड होताना खारे पाणी आत ओढले जाते. दूध घातलेल्या चहासारखे तेल प्लगमधून बाहेर आले की पुढचे काय ते न बोलता कळते. या ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रॉलिक यांचे तेल बहुधा एकच असल्याने ते पाणी पंपापर्यंत पोहोचलेले असते. नुसते सील बदलून असा ट्रॅक्टर परत देणे आम्हाला पटत नाही. तेल पूर्ण काढून हौसिंग धुतले जाते, बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे बारीक खड्डे आहेत का ते नखाने चाचपले जाते, आणि सीलच्या कडेने शाफ्टवर गोल चरी पाडली असेल तर तेथे पातळ स्लीव्ह चढवली जाते. अन्यथा नवे सीलही त्याच चरीतून एका हंगामात गळू लागते.

स्प्लाइन झिजल्यावर त्यांवर वेल्डिंगचा थर चढवून त्या पुन्हा कातून देण्याची पद्धत सर्वत्र आहे. आम्ही ते करीत नाही, हे ग्राहकाला न आवडले तरी स्पष्ट सांगतो. शाफ्टचे पोलाद उष्णतेची प्रक्रिया देऊन कठीण केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते काठिण्य जाते आणि थराच्या कडेलाच तडा पडतो. शाफ्ट नवा बसवावा, तो महाग वाटला तरी.

मुळात शाफ्ट आणि बेअरिंग खराब होण्याचे कारण बहुतेक वेळा ट्रॅक्टरबाहेर, त्याला जोडलेल्या अवजारात सापडते. रोटाव्हेटरचा जोडशाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. दुसऱ्या ट्रॅक्टरचा लांब जोडशाफ्ट आणून बसवला की अवजार वर-खाली होताना, जेथे अंतर सर्वांत कमी होते तेथे, आतली नळी तळाला टेकते आणि सारा रेटा पीटीओच्या बेअरिंगवर येतो. दोन्ही नळ्या सारख्या मापाने कापून, कडा घासून, ग्रीस लावून बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. दुसरे कारण शिअर बोल्टचे. दगड किंवा माडाचे मूळ लागताच तो बोल्ट तुटावा आणि बाकीचे वाचावे, अशी ती योजना. पण सतत तुटतो म्हणून त्या जागी जाड, कठीण बोल्ट ठोकला जातो, आणि मग पुढच्या दगडाला गिअरचे दात जातात.

क्लचचे काम सर्वांत मोठे, कारण त्यासाठी ट्रॅक्टर मधून फोडावा, म्हणजे इंजिन मागच्या भागापासून वेगळे करावे लागते. दुहेरी क्लचमध्ये पायडल अर्धे दाबले की चाके थांबतात आणि पूर्ण दाबल्यावरच पीटीओ थांबतो. पीटीओ घालताना खरखर आवाज येत असेल तर आधी पायडलची ढिलाई आणि क्लच सोडवणाऱ्या फिंगरची उंची तपासावी. ती जुळवूनही आवाज गेला नाही तरच आम्ही फोडण्याची परवानगी मागतो. फोडण्यापूर्वी पुढचा आस आणि त्यावरचा आधार यांच्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या जातात, नाहीतर वेगळे झालेले इंजिन आसाच्या खिळीवर कलंडते. नव्या मुलाला आम्ही सर्वप्रथम पाचर मारायला शिकवतो, पाना नंतर.

एका गोष्टीवर आमचे ग्राहकांशी अजूनही वाद होतात. ग्रीस देताना आड येते म्हणून शाफ्टवरचे कवच काढून फेकलेले असते. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. टॉवेलचे टोक किंवा सदऱ्याची बाही अडकली तर हात मागे घेण्याइतका अवधी मिळत नाही. मागचे कवच बसवल्याशिवाय आम्ही ट्रॅक्टर कार्यशाळेबाहेर सोडत नाही आणि त्याचे पैसे बिलात वेगळे लावत नाही.

हल्ली स्वतंत्र हायड्रॉलिक क्लचचे पीटीओ असलेले ट्रॅक्टरही जुने होऊन आमच्याकडे येऊ लागले आहेत. त्यांत फोडण्याआधी तेलाचा दाब मोजावा लागतो, त्यासाठी गेज घेतले आहे आणि धाकट्या भावाने ते काम हाती घेतले आहे. सरद (पावसाळी) हंगामाआधी आणि वायंगणीच्या (हिवाळी पिकाच्या) तोंडावर आमच्याकडे ट्रॅक्टर उभे करायलाही जागा नसते. ज्यांना पावसापूर्वी काम करून हवे आहे त्यांनी ट्रॅक्टर एप्रिलमध्येच आणावा, आणि येताना रोटाव्हेटरचा जोडशाफ्टही सोबत घ्यावा. तो पाहिल्याशिवाय आम्ही पीटीओला हात लावत नाही.