भीमाशंकर: शेंड्यांच्या उंचीवरून जंगल

उंच वर्षावनांत शेंड्यांवरचे प्राणी बघायला झाडांमधून झुलते पूल बांधावे लागतात. भीमाशंकरला त्याची गरज पडत नाही. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची दाटी इथे साधारण दहा-पंधरा मीटरवरच थांबते आणि जमीन उताराची असते. उताराच्या वरच्या अंगाला उभं राहिलं की खालच्या झाडांचे शेंडे थेट डोळ्यांसमोर येतात. शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, बघायचं ते असंच. बुंध्याशी उभं राहून मान वर केली तर आभाळाच्या उजेडात नुसती काळी आकृती दिसते.

पुण्याहून राजगुरुनगर, वाडा, तळेघर असा रस्ता आहे. चाकणची कोंडी टाळायची तर पहाटे चारलाच निघावं, म्हणजे आठच्या आत जंगलात शिरता येतं. शेकरू सकाळी आणि दुपार कलल्यावर हिंडतं, भर उन्हात फांदीवर पसरून पडतं. दहा वाजता पोहोचणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा दुकानांपाशी पिशव्या ओढणारी माकडंच येतात.

मंदिरामागून गुप्त भीमाशंकरकडे जाणारी पायवाट त्यातल्या त्यात चांगली. आधी घरटी शोधा: काटक्या-पानांचे मोठे गोळे, बारीक फांद्यांच्या टोकाशी, शिकारी प्राण्याचं वजन पेलणार नाही अशा जागी. एकाच शेकराची अशी बरीच घरटी असतात, त्यामुळे रिकाम्या घरट्याखाली तासभर ताटकळण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा फळं धरलेलं झाड गाठा आणि गप्प बसा. कुरतडलेल्या सालींचा ताजा सडा आणि वरून येणारा कर्कश खडखडाट, या दोन खुणा पुरतात. सहा मीटरपर्यंतची उडी ते सहज मारतं, म्हणून दुर्बीण फार मोठी नको. ८ × ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बरी, जास्त ताकदीच्या दुर्बिणीत ते सापडेपर्यंत पुढच्या झाडावर गेलेलं असतं. फोटोसाठी एक्स्पोजर एक पायरी वाढवा, नाहीतर तांबूस अंग काळं येतं. शेंगदाणे टाकून त्याला खाली बोलावू नका. हे अभयारण्य आहे.

पावसाळ्यात धुक्यामुळे चार झाडांपलीकडचं दिसत नाही. श्रावण, महाशिवरात्र आणि एरवीचेही शनिवार-रविवार टाळा. गर्दीच्या दिवसांत गाड्या खालीच अडवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं, त्यात सकाळ हातची जाते. पेट्रोल राजगुरुनगरलाच भरा आणि रोख पैसे जवळ ठेवा, वर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही.