बेळगावात कुंदा घेताना आधी काटा बघा

बेळगावात कुंदा, म्हणजे आटवलेल्या दुधाची इथली मिठाई, घेणार असाल तर सगळ्यात आधी हे करा: रिकामा डबा काट्यावर ठेवायला लावा, आकडा शून्यावर आणायला सांगा आणि मगच कुंदा भरू द्या. दुकानदार "सगळेच डब्यासकट तोलतात" म्हणाला तर सरळ पुढच्या दुकानात जा. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं विसरू नका.

आमच्याशी झालं ते असं. मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर रिक्षा केली आणि खडेबाजारला सोडायला सांगितलं. रिक्षावाले मामा वाटेत विचारायला लागले, "कुंदा घ्यायचाय काय साहेब? मग बाजारात कशाला? ओरिजिनल मिळतंय तिथं नेतो की." शहराबाहेर हायवेच्या अंगाला एका चकाचक दुकानासमोर रिक्षा थांबली. मामा आमच्या आधी आत गेले, काउंटरवर दोन शब्द बोलले आणि बाहेर येऊन थांबले. पाटीवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत 'ओरिजिनल'. डबे आधीच भरून, चिकटपट्टी लावून रचलेले. चव बघायला मागितली तर "पॅक माल आहे, फोडता येत नाही". किलोला ६०० रुपये भाव, अर्ध्या किलोचे चार डबे घेतले. पक्कं बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर एक आकडा लिहून दिला.

लॉजवर एक डबा उघडला. आत कुंदा नव्हताच. साखर आणि दूध पावडर घोटून केलेला तपकिरी लगदा होता, जिभेवर पिठूळ, दाण्याचा पत्ता नाही, तुपाचा वास नाही, वेलदोडा मात्र नाकात जाईल इतका. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एका जुन्या दुकानात तोच रिकामा डबा काट्यावर ठेवून बघितला. ६० ग्रॅम. जाड पुठ्ठा, त्याला खाली दुसरा तळ. म्हणजे प्रत्येक डब्यामागे ३६ रुपयांचा पुठ्ठा मिठाईच्या भावानं विकला. चार डब्यांचे १४४ रुपये, आणि २४० ग्रॅम कुंदा मिळालाच नाही. प्रश्न १४४ रुपयांचा नाही. घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी माणूस बेळगावची म्हणून एक वस्तू घेऊन जातो आणि त्यांच्या हातात पडतो तो हा लगदा. बेळगावचं नाव त्या लगद्यानं खराब होतं याचा मला जास्त राग आहे.

कायदा आपल्या बाजूचा आहे. वजनमापाच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे पैसे निव्वळ मालाच्या वजनाचे, वेष्टनाचे नाहीत. सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. ट्रेला तारीख नसेल तर ती मिठाई घेऊ नका, मग दुकान कितीही जुनं असो. पक्कं बिल हातात असेल तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर, तक्रार करता येते. कोऱ्या चिठ्ठीवर तक्रार टिकवणं अवघड, आणि म्हणूनच ते कोरी चिठ्ठी देतात.

खरा कुंदा कुठं? गावात. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली हा जुना बाजार पायी फिरा. शहापूर आणि टिळकवाडीतही चांगली दुकानं आहेत. मी कुठल्याच दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण नाव झालं की त्याच नावाच्या चार पाट्या हायवेवर लागतात. नावापेक्षा ओळख शिकून घ्या. कुंद्यासाठी दूध तासन्‌तास आटवतात, त्यात दही घालून ते फाटू देतात, साखर घालतात आणि ढवळत राहतात. रंग येतो तो या आटण्यानं आणि साखर करपू न देता तांबूस केल्यानं. म्हणून चांगला कुंदा दाणेदार असतो, चमच्यानं उचलला की कडेला तूप सुटलेलं दिसतं, आणि गोडाच्या मागे किंचित आंबूस, खरपूस चव येते. ज्या दुकानात उघड्या ट्रेतून चमचाभर चाखायला देतात तिथंच घ्या. आम्हाला त्या जुन्या दुकानात न मागता द्रोणात कोमट कुंदा दिला. तो खाल्ल्यावर आदल्या दिवशीचे डबे लॉजवरच ठेवून यावेसे वाटले. उन्हाळ्यात एसटीनं परत जाणार असाल तर निघायच्या दिवशी सकाळी घ्या आणि घरी पोचलात की फ्रिजमध्ये टाका.

मांडे मात्र दुकानात जाऊन उचलायची वस्तू नाही. तयार मिळतात, पण ते दिवसचे दिवस ठेवलेले असू शकतात आणि हातात घेतल्याबरोबर भुगा होतो. घरगुती मांडे करणाऱ्या बायका शहापूर, टिळकवाडी भागात आहेत. लॉजवाल्याला किंवा किराणा दुकानदाराला विचारलं की पत्ता मिळतो. एक दिवस आधी सांगावं लागतं. लग्नसराईत तेवढ्यानंही भागत नाही, कारण इथल्या लग्नांत रुखवताला मांडे लागतातच. करताना बघायला मिळालं तर जरूर बघा. सारण भरलेली लाटी दोन्ही हातांवर, अगदी कोपरापर्यंत खेळवत रुमालाएवढी पातळ करतात, पालथ्या तापलेल्या खापरावर टाकतात आणि गरम असतानाच घडी घालतात. गार झाली की घडी मोडते, म्हणून सगळं क्षणात. खायचा तो कुस्करून, कोमट दूध आणि तूप घालून. पिठीसाखरेचे मांडे टिकतात, खव्याचे लगेच संपवा. बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवू नका, वेगळा कडक डबा न्या.

आता जेवण. बेळगावचं जेवण म्हणजे मोठ्या रस्त्यावरच्या एसी हॉटेलातली 'नॉर्थ कर्नाटक थाळी' नव्हे. ती आम्ही खाल्ली. भाकरी सकाळची, वांगं टोमॅटोच्या ग्रेव्हीत बुडवलेलं आणि भाव खानावळीच्या तिप्पट. एका वाक्यात निकाल: जाऊ नका. बिलातही बघा, हॉटेलचा जीएसटी साधारण ५ टक्के, अडीच-अडीच करून दोन ओळींत लिहिलेला असतो. छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत (छोट्या धंदेवाल्यांनी ठोक दरानं स्वतःच कर भरायच्या) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही, २०२२ पासून तसे नियम आहेत. काढायला सांगा, काढतात. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेलात बसून प्यायची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दरानं देता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलेलं आहे. तांब्यातलं पाणी मागा.

खरं जेवण खानावळीत. पाटी कानडीत असेल, बऱ्याचदा 'लिंगायत खानावळी' असं लिहिलेलं. कानडी वाचता येत नसेल तर दुपारी साडेबाराला बाहेर चपलांचा ढीग कुठं आहे ते बघा. आम्ही बसलो ती खोली म्हणजे पुढे चार बाकडी, मागे चूल आणि भाकरी थापल्याचा सतत येणारा आवाज. ताटात ज्वारीची गरम भाकरी, भरलं वांगं, मोडाच्या मटकीची उसळ, बाजूला कच्ची मेथी, काकडी, कांद्याची पात. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कारळाची चटणी, आणि त्यांच्यावर ओतायला घट्ट दही. कारळाच्या चटणीत दही कालवून गरम भाकरीचा पहिला घास घेतला आणि आम्ही तिघंही बोलायचे थांबलो. वांग्यात तेल सढळ, पण दाण्याचं कूट इतकं नीट भाजलेलं की तेल जाणवत नव्हतं. वाढणाऱ्या अक्का प्रत्येक पानावर थांबत होत्या. "अजून एक घ्या की ओ, गरम हाय." नको म्हटलं तर अर्धी ठेवून पुढे. शेवटी भात, कटाची आमटी, ताक. आदल्या रात्रीचा सगळा राग त्या ताटानं उतरवला, आणि म्हणून मी ठामपणे सांगतो: बेळगावात एकच जेवण जेवायला वेळ असेल तर ते दुपारचं आणि खानावळीतलं असू द्या. कडक भाकरी मागितली तर तीही मिळते, आणि ती बांधून घरी नेता येते, आठवडाभर चालते. अडीचनंतर गेलात तर भाकरी संपलेली असते आणि चपातीवर भागवावं लागतं. तेवढ्यासाठी जाऊ नका. अर्ध्या भाकरीत पोट भरणाऱ्यांनी दोघांत एक ताट मागू नये, देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

मटणासाठी सावजी खानावळ, संध्याकाळची. हुबळी-गदगकडं ही पद्धत जास्त, पण बेळगावातही आहे. रस्सा काळपट लाल, खिम्याचे उंडे, सुकं मटण. तिखट म्हणजे खरोखर तिखट. कोल्हापूरचा तांबडा रस्सा पिऊन आलेल्यांनीही फुशारकी मारू नये. तिथं जोडीला पांढरा रस्सा असतो, इथं सुटका नाही. आधी सुकं आणि भाकरी खा, रस्सा भातावर शेवटी थोडा घ्या. दिवसभर फिरून थकलेल्या, रिकाम्या पोटी वाटीभर रस्सा पिऊ नका. आमच्यातल्या एकानं तेच केलं आणि रात्रभर त्याला झोप नाही. पित्ताचा त्रास असेल तर जाऊच नका. हायवेवरच्या ढाब्यांनी आता 'सावजी' शब्द उचललाय. तिथं लाल रंग आणि मिरचीपूड सोडून काही नसतं. गावातली, घरच्यांनी चालवलेली खानावळ शोधा.

संध्याकाळच्या खाण्यात गिरमिट खा. चुरमुरे, चिंच-गुळाची फोडणी, डाळ्याचं पीठ, वरून कच्चा कांदा, बरोबर मिरची भजी. गाडीवाल्यानं आपल्यासमोर कालवलं तरच घ्या, कालवून ठेवलेलं पाच मिनिटांत मऊ पडतं.

गोकाकला गेलो. घटप्रभेचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीवरून पडतो, पावसाळ्यात बघण्यासारखा, दिवस छान गेला. कामाची गोष्ट करदंट या तिथल्या मिठाईची. डिंक, गूळ, तूप, काजू, बदाम, अंजीर, खारीक. इथंही तेच: निव्वळ वजन आणि चव. स्वस्त करदंटात खोबरं आणि शेंगदाणे भरून वजन वाढवतात, कापलेली कड बघितली की कळतं. बेळगाव स्टँडवर मिळणारा 'गोकाक करदंट' मला आवडला नाही. गोकाकला जाणं होत असेल तर तिथंच घ्या. बसनं जाणार असाल तर लवकर निघा. २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसमध्ये प्रवास मोफत असल्यानं गाड्या खच्चून भरतात. महाराष्ट्राच्या आधार कार्डावर ती सवलत नाही, तिकीट काढावं लागतं.

भाषेची काळजी करू नका. शहापूर, वडगाव, अनगोळ, बाजारपेठ, सगळीकडं मराठी चालतं. पूर्वेला गोकाककडं गेलात की कानडी. तिथं 'येष्टु' (किती) आणि 'साकु' (पुरे) एवढ्यावर जेवण होतं, आणि माणसं समजून घेतात. पाट्यांवर मराठी दिसली नाही म्हणून दुकानात शिरायला बिचकू नका, आतला माणूस बऱ्याचदा आपल्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो.

तारखा मात्र सांभाळा. १ नोव्हेंबरला जाऊ नका. १९५६ साली याच तारखेला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्या दिवशी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी माणसं काळा दिन पाळतात. रस्ते बंद, दुकानं बंद, पोलीस जागोजागी. डिसेंबरमध्ये सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटक सरकारच्या इथल्या विधानभवनात, विधानसभेचं अधिवेशन भरतं तेव्हा लॉज मिळत नाहीत आणि मिळाले तर दर वाढलेले. सीमेवर वातावरण तापलं की निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर गाड्या अडकतात, निघायच्या सकाळी बातम्या बघा.

कोल्हापूरमार्गे स्वतःच्या गाडीनं परतणार असाल तर संकेश्वरला थांबा आणि मिरची घ्या. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. दोन्ही मिळून घरचा मसाला होतो. हंगाम फेब्रुवारीनंतरचा. मिरची देठासकट तोलतात, ते रीतीचं आहे. पण पोत्यात हात खाली घालून बघा. वर कोरडी आणि खाली ओलसर असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय.