नववी तबकडी आणि द्रुतातले टाळ

भजन थेट ग्रामोफोनच्या तबकडीवर कापायचा माझा खटाटोप चालू आहे, त्यातली नववी तबकडीही वाया गेली. पण या वेळी ती कशाने गेली ते कळलं, म्हणून मंडळी घरी पोचायच्या आत लिहायला बसलोय.

आधी बरं झालं ते सांगतो. खोलीचा प्रश्न सुटला. मागच्या खेपेला गोधड्या टांगून टांगून आईच्या शिव्या खाल्ल्या, तरी पखवाजाचा घुमारा जात नव्हता. या वर्षी अमळनेरजवळच्या आप्पांनी कापूस विकलाच नाही, भावाची वाट बघतायत. त्यांची एक खोली आढ्यापर्यंत भरलेली आणि दुसरी अर्धी. त्या अर्ध्या खोलीत भजनी मंडळ बसवलं. टाळी वाजवली तर जागच्या जागी मरते! इतकी कोरडी खोली मी पैसे मोजूनही बांधू शकलो नसतो. तोटा एकच, कापसाची खाज. बुवा अभंगाच्या मध्येच मान खाजवतात आणि तोंड माइकपासून वळतं.

मांडणी तीच आहे. एकच रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला), मोनो. लेथ (तबकडीवर खाच कापणारं यंत्र) पलीकडच्या खोलीत, केबल खिडकीतून. कापताना निघणारा कीस ओढणारा जुना व्हॅक्युम क्लीनरही तिकडेच, तो फार कोकलतो. १० इंची ब्लँक (कोरी तबकडी), ४५ आरपीएम (मिनिटाला ४५ फेरे), मिलिमीटरला खाचेच्या ६ रेषा. १२ सेंटिमीटर त्रिज्येपासून ६ पर्यंत यायला ३६० फेरे लागतात, म्हणजे बरोबर ८ मिनिटं. मध्ये टेप नाही, कॉम्प्युटर नाही. चुकलं की तबकडी भंगारात.

आता टाळ. सहाव्या तबकडीपासून मला छळणारे ते हेच. आरआयएए या तबकड्यांच्या ठरलेल्या प्रमाणानुसार कापताना वरचे सूर वाढवून द्यावे लागतात. १ किलोहर्ट्झच्या मानाने १० किलोहर्ट्झला सुमारे १४ डेसिबल, म्हणजे ताकदीत पंचवीसपट. बुवांचा आवाज तिथे जवळपास नसतोच, टाळांचं मात्र तिथे राज्य. आठव्या तबकडीला सातव्या मिनिटाला हेडचा (खाच कापणाऱ्या भागाचा) फ्यूज उडाला तो यामुळेच. कॉइल हाताला चटका देत होती.

मग रिबनचा गुण वापरला. हा माइक पुढून-मागून ऐकतो, दोन्ही बगलांना जवळजवळ बहिरा. जमिनीवर चुन्याने खुणा केल्या आणि चारही टाळकऱ्यांना बगलेत बसवलं. पेटी आणि बुवा समोर, पखवाज मागच्या बाजूला चार हातांवर. फरक केवढा! फ्यूज टिकला. पहिली पाच मिनिटं ऐकताना मी एकटाच हसत होतो. पेटीचा भाता भरतानाचा श्वास ऐकू येतो, विश्वास ठेवा.

आणि मग सहाव्या मिनिटाला बुवांनी लय चढवली. टाळ खणखणायला लागले, कोरस उठला आणि आवाज फाटला. खर्रर्र. हेड थंड, फ्यूज शाबूत, मीटर लालच्या खाली. दोन वेळा वाजवून पाहिलं, फाटलेलंच. बुवा म्हणाले, "भाऊ, आमनं तं बरोबर व्हयनं. तुन्ही तबकडीच दमनी."

अगदी खरं बोलले. बाहेरच्या काठाला खाच सुईखालून सेकंदाला ५६ सेंटिमीटर वेगाने जाते, आत ६ सेंटिमीटरवर फक्त २८. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट आत २८ मायक्रॉनमध्ये कोंबावी लागते. माझी वाजवायची गोल सुई १८ मायक्रॉन त्रिज्येची, ती त्या वळणांत शिरणार कशी? हे तबकड्या कापणाऱ्या आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण भजनाची चढण आणि खाचेची उतरण एकाच ठिकाणी गाठ पडते, हे नऊ तबकड्या फुकट जाईपर्यंत माझ्या टाळक्यात आलं नाही. सुरुवातीचं संथ गाणं ऐसपैस काठावर आणि सगळा दंगा आतल्या चिंचोळ्या गल्लीत.

(थेट तबकडीवर टँगो, म्हणजे अर्जेंटिनाचं नृत्यसंगीत, कापणाऱ्यांचं मला म्हणूनच बरं वाटतं. त्यातलं भात्याचं वाद्य बँडोनियन आपल्या पेटीचाच भाऊबंद, आणि ताल पियानो न् बासवर. झांजा सहसा नाहीतच. ब्युनोस आयर्समध्ये टेप येण्याआधी आख्खे ऑर्केस्ट्रा असेच एका दमात मुद्रित व्हायचे. त्यांना चार टाळकरी द्यायला हवे होते.)

त्या वळणांत शिरणारी अंडाकृती सुई घे, असं कोणीतरी सुचवणारच. घेईन, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला मी ती थोडीच वाटणार आहे? लिमिटर (चढलेला आवाज आपोआप दाबणारं यंत्र) लावणं मला नियमभंग वाटत नाही, पण चढलेली लय दाबायची तर भजन कापायचंच कशाला?

मग उलटंच का कापू नये? आतून बाहेर! पाथे या फ्रेंच कंपनीच्या जुन्या तबकड्या आतूनच सुरू व्हायच्या. १९२६ च्या व्हिटाफोनच्या १६ इंची सिनेमा-तबकड्याही तशाच. संथ भाग आत, द्रुत काठावर. शिवाय कीस मध्याकडे ओढला जातो, म्हणजे कापणाऱ्या सुईच्या वाटेत येणार नाही. ऑटोमॅटिक प्लेअरवाले बोंबलतील, बोंबलू देत.

एवढं लिहून उठलो आणि करूनच पाहिलं. माझा लीड स्क्रू (हेड आडवं सरकवणारा) पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटरवर आहे, त्यामुळे दिशा फिरवायला प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. १ किलोहर्ट्झचा सूर टाकला. पहिले चार-पाच फेरे एकमेकांवर चढले, पुढे सुरळीत. स्क्रूच्या नटमधली ढिलाई आजवर एकाच बाजूला दाबलेली होती, ती आता दुसरीकडे निघाली. स्प्रिंग उलट बाजूला लावावी लागेल आणि व्हॅक्युमची नळीही फिरवावी लागेल. स्टेपर आहेच, तर आता सुरुवातीला मिलिमीटरला ७ रेषा आणि शेवटी ५ करतो, म्हणजे शेवटी खाचा लांब लांब, पखवाजाला मोकळं रान. हे आधी ठरलं नव्हतं, आत्ता लिहितानाच सुचलं.

ब्लँकबद्दल एक कुरकुर. जळगावहून आणलेली पॉलिकार्बोनेटची शीट या वेळी वाकडी निघाली. दुकानदार म्हणतो, "शेडवर टाकायला चालते ना?" पुढच्या वेळी सपाट फरशी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊनच दुकानात जाणार.

दहावी तबकडी येत्या रविवारी. घाई आहे, कारण कापसाचे भाव थोडे हलायला लागलेत आणि आप्पांनी टेम्पोवाल्याला फोन केलाय.