एनव्हीडीए आणि गूगल: थेट निकालावर कसं पोचायचं

एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर गूगलचं मुखपृष्ठ उघडूच नका. कंट्रोल + एल दाबून ॲड्रेस बारमध्येच शब्द टाइप करा आणि एंटर. पान वाचायला लागलं की कंट्रोलने एनव्हीडीएला गप्प करा. टॅब दाबत बसलात तर 'इमेजेस', 'व्हिडिओज' अशा लिंकांतच अडकाल.

निकालांची शीर्षकं बहुधा तिसऱ्या पातळीची हेडिंग असतात, म्हणून ३ दाबत पुढे जा, शिफ्ट + ३ ने मागे. मात्र जाहिरातीही त्यातच मिसळतात. एंटर मारण्याआधी आजूबाजूला बाणाने फिरून 'प्रायोजित' आणि साइटचा पत्ता ऐकाच.

शोध बदलायचाय? ई दाबून शोधचौकटीवर जा, एंटर दाबून नवे शब्द टाइप करा, मग पुन्हा एंटर. नंतर ३ दाबल्यावर चौकटीत ३ उमटला, तर फोकस मोड (दाबलेली कळ चौकटीत टाइप होते ती स्थिती) चालूच आहे. एस्केप दाबा.