मिनी १००० : डावा कोन इंचाचा, उजवा मिलिमीटरचा

माझ्या जुन्या मिनी मोटारीचे पुढचे दोन्ही रबर कोन (स्प्रिंगऐवजी असतात ते रबराचे ठोकळे) एका दमात काढायचा बेत होता. डावा निमूट निघाला. उजव्याने रडवलं.

रीत अशी : कोन ज्यात बसतो त्या टॉवरवरचा बोल्ट काढायचा, भोकातून कॉम्प्रेसरचा (कोन दाबायच्या हत्याराचा) आट्यांचा दांडा कोनमध्ये फिरवायचा, कोन वर खेचायचा, की खालचा ट्रम्पेट (कोन आणि चाकाचा आर्म यांच्यामधला दांडा) सैल. उजवीकडे माझा अर्धा इंची दांडा धरल्यासारखा वाटे आणि ताण दिला की सटके. दबलेला कोन असा सुटला तर बोटं गेलीच समजा. टॉर्च मारून पाहिलं, तर आत जाड आटे. जुन्या कोनांना अर्धा इंच युएनएफ (इंची मापाचे बारीक आटे), नंतरच्यांना एम-१४ (१४ मिलिमीटरचे). माझी गाडी ७८ची, म्हणजे नंतरच्यांतली; तेव्हा इंची आट्यांचा डावा कोन कुणीतरी जुन्या मिनीचा काढून बसवलेला! आणि कॉम्प्रेसरचा विक्रेता म्हणे, ‘हा कॉम्प्रेसर सगळ्या मिनींना चालतो.’ दोन्ही दांडे मिळत असतील तरच घ्या.

शेवटी क्लबातल्या एकाने एम-१४ दांडा दिला आणि कोन मुकाट वर आला. नकल जॉइंटच्या (ट्रम्पेटच्या टोकाचा गोळा आणि वाटीचा सांधा) प्लास्टिक वाटीचा भुगा झाला होता. नवी वाटी, भरपूर ग्रीस, आणि गोळा ‘टक्’ करून बसला. तो आवाज ऐकायला मी पुन्हा एकदा काढून बसवला. वाट्या स्वस्तातल्या घेऊ नका, तडकतात.

‘कॉइल स्प्रिंगचं किट टाक’ म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. दहा फुटी गाडी, दहा इंची चाकं. मिनीचा रचनाकार इसिगोनिस याला जागा वाचवायची होती आणि सस्पेन्शन रचणाऱ्या मोल्टनच्या रबराने ती वाचवली. शिवाय सहाशे किलोंच्या गाडीत चौघं सामानासकट बसले की भार केवढा वाढतो! रबर जितकं दाबाल तितकं कडक होत जातं, म्हणून गाडी बूड टेकत नाही. साधी कॉइल एकतर रिकाम्या गाडीत हाडं खिळखिळी करेल, नाहीतर भरल्या गाडीत लोळेल.

गाडीची उंची आजच लावणार होतो, पण नवे कोन काही महिने बसत राहतात. मग जुनेच ट्रम्पेट ठेवावेत? नाही, लिहिता लिहिता ठरलं : लांबी कमी-जास्त करता येणारे ॲडजस्टेबल ट्रम्पेट मागवतो. पुढे ट्रम्पेटच्या लांबीतला फरक चाकाशी साधारण तिप्पट होतो, मागे पाचपट; वॉशर घालून अंदाजपंचे करण्यात अर्थ नाही. ते येईपर्यंत मागचे कोन उरकतो. तिथे कॉम्प्रेसर लागत नाही; शॉकॲब्सॉर्बर सोडून आर्म खाली घेतला की झालं. आर्म खाली येणारच आहे, तर त्याची बेअरिंगंही बघून घेतो. उजवीकडचं कुरकुरतंय.